छपरीचा दहावा कायदा

माझ्या आईला काठीच्या टोकानं उठवलं. हातानं नाही. हात लागला असता तर उठवणाऱ्याला घरी जाऊन आंघोळ करावी लागली असती.

वैशाखातली दुपार. तालुक्याच्या गावातली सरकारी बाग. बागेतली मधली छपरी, मेढींच्या खांबांवर शिंदीच्या पानांचं छप्पर. आई भुईवर कुशीला पडलेली. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरे पडलेले. बागेचा दरोगा चार हात लांब उभा. तिथूनच त्याची काठी पुढे आली आणि आईच्या बरगडीत टोचली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टोचली तेव्हा तिनं डोळे उघडले.

"ऊठ गं. मान्सं जेवायला बसलीत. दिसतंय का न्हाई?"

माणसं म्हणजे कुण्या खेड्याचे देशमुख आणि त्यांच्या घरची मंडळी. कचेरीत त्यांचं काम होतं. छपरीच्या पार दुसऱ्या टोकाला सतरंजी अंथरून, डबे उघडून बसले होते. मध्ये वीसेक हात जागा मोकळी होती.

मी म्हणाले, "मालक, उन्हानं घेरी आली तिला. सकाळधरनं वर चढलेली हाय. घटकाभर पडू द्या."

देशमुख माझ्याशी बोलले नाहीत. दरोग्याकडं बघून म्हणाले, "दरोगासाहेब, बागेला काय कायदा हाय का न्हाई?"

"हाय की." दरोग्यानं तीच काठी उचलून फाटकाकडं दाखवली. फाटकाजवळ एक तख्ता टांगला होता. निळा रंग, वर पांढरी उर्दू अक्षरं. "तितं लिवलंय सगळं. तुमच्या लोकांनी छपरीत बसायचं न्हाई. चला, भाईर व्हा."

आई उठली. मेढीला धरून उठली. आणि उठल्यावर तिनं जे केलं ते मला काठीपेक्षा जास्त लागलं. तिनं दोन्ही हात जोडले.

"चुकी झाली मालक. पुन्ना न्हाई व्हायची."

ती छपरी आईनं बांधलेली होती.

आम्ही मांग. घायपाताचा वाख कुटायचा, दोर वळायचे, शिंदीच्या केरसुण्या बांधायच्या, हे आमचं काम. आमच्या हातची केरसुणी गावात लक्ष्मी म्हणून पुजतात. हळदकुंकू वाहतात. बांधणारीला दारात उभं करत नाहीत.

बागेत दरवर्षी शिमगा झाला की तीन छपऱ्या उभ्या राहायच्या. वरनं हुकूम होता म्हणे. खेड्यापाड्यातनं लोक कचेरीच्या कामाला येतात, बाजाराला येतात, त्यांनी उन्हात कुठं बसावं. म्हणून तीन महिन्यांची सावली. मृग लागायच्या आत उतरवायची. मेढी रोवायला, वासे टाकायला दुसरी माणसं असत. पण वरचं शाकारणं आईचं. शिंदीची पानं कशी लावायची, खालचा थर कुठल्या अंगानं, वरचा कुठल्या, वारा कोणत्या दिशेनं येतो, गाठ कुठं कसायची आणि कुठं ढिली ठेवायची, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. तिनं मला शिकवलं. दादा दोर वळायचा, पण छप्पर त्याला जमायचं नाही. त्याची गाठ वाऱ्यात सुटायची. आईची नाही.

छप्पर पुरं झालं की आम्ही बाहेर यायचो. मग भिस्ती येऊन सगळीकडं पाणी शिंपडायचा. धूळ बसावी म्हणून शिंपडतात असं मला लहानपणी वाटायचं.

त्या दिवशी असं झालं होतं. आदल्या सांजेला वावटळ आली आणि मधल्या छपरीची एक बाजू उचकटली. दरोग्यानं सकाळीच सांगावा धाडला. आई वर चढली, मी खालून पानं देत होते. ऊन चढत गेलं. दुपारी ती खाली उतरली, दोन पावलं चालली आणि पडली. पडली ती सावलीत पडली. एवढाच तिचा गुन्हा.

मी तिला धरून बागेच्या भिंतीकडं नेलं. भिंतीला सावली नव्हती. दुपारी बाराला कुठल्या भिंतीला सावली असते. मी माझा पदर तिच्या डोक्यावर धरून उभी राहिले. तेवढ्यात करीमचाचा पाण्याची कातडी मशक घेऊन आला. तो बागेचा भिस्ती. छपऱ्यांना वाळ्याच्या तट्ट्या लावलेल्या असत, त्यांच्यावर तो दिवसभर पाणी मारायचा. म्हातारा, एका पायानं लंगडा. त्यानं आईच्या ओंजळीत पाणी ओतलं. मग डोक्यावर. मग मानेवर. मशक रिकामी होईपर्यंत ओतलं.

देशमुखांकडचं जेवण चालू होतं. ताकाचा वास येत होता.

आई मेली नाही. मेली असती तर मी वेगळी गोष्ट सांगत असते. चार दिवस तापानं फणफणली आणि उठली. पण त्यानंतर तिला वर चढता आलं नाही. मान वर केली की डोळ्यापुढं अंधार यायचा. उजव्या डोळ्याला दिसायचं कमी झालं. उरलेलं काम पुरं करायला मी एकटी जाऊ लागले.

मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेन. मला चकलांब्याला दिली होती. तिसऱ्या वर्षी तिकडं प्लेग आला. लोक गाव सोडून रानात पालं ठोकून राहिले. नवरा पालातच गेला. सासऱ्यानं मला आणून आईच्या दारात सोडलं आणि पाणीसुद्धा न पिता माघारी फिरला. तेव्हापासून मी दादाच्या घरात. दादा, वहिनी, त्यांची तीन पोरं, आई आणि मी. माणसं भरपूर. माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. रांडमुंड बाई घरात असली की तिच्याकडं काम सांगण्यापुरतं बघतात.

वर बसून पानं बांधताना मला फाटकाजवळचा तख्ता दिसायचा. निळा. रोज दिसायचा. मी जन्मल्यापासून मला कुठं बसू नये, कुठून पाणी घेऊ नये, कुणाच्या सावलीवरून जाऊ नये हे लोक सांगत आले होते, आणि मला वाटायचं, हे कुठंतरी लिहिलेलं असणार. कुठल्यातरी कागदावर, सरकारच्या, देवाच्या. लिहिलेलं असल्याशिवाय एवढी सगळी माणसं एकसारखं कसं वागतील. आता तो कागद सापडला होता. तख्त्यावर होता. मला तो वाचता येत नव्हता, एवढंच.

एक दिवस बाग रिकामी होती. करीमचाचा तट्ट्यांवर पाणी मारत होता. मी वरूनच विचारलं.

"चाचा, तुमाला वाचता येतं का?"

"हौ. मस्जिद में पढ्या था थोडा."

"त्या तख्त्यावर आमचं काय लिवलंय?"

तो थांबला. तख्त्याकडं गेला. उन्हात डोळे बारीक करून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. मी खाली उतरून आले होते.

"तुम लोगां का नाम नैं है इसमें," तो म्हणाला.

"नीट बघा."

"दो बार देख्या बेटी. नैं है."

मग त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यात वर लिहिलं होतं, या छपऱ्या हर खास-ओ-आम के आराम के वास्ते आहेत. त्याचा अर्थ त्यानं सांगितला. बडा असो की साधा, सगळ्यांसाठी. खाली नऊ कायदे. पायताण बाहेर काढावं. आत चूल पेटवू नये. थुंकू नये. जनावर बांधू नये. छपराची काडी ओढू नये. भांडणतंटा करू नये. दुसरं कुणी उभं असेल तर दोन घटकांच्या वर जागा अडवू नये. उठताना आपली जागा झाडून ठेवावी. आणि सहावा कायदा असा होता, की आजारी माणसाला, म्हाताऱ्याला आणि लेकुरवाळीला आधी जागा द्यावी.

"हा परत वाचा," मी म्हणाले.

त्यानं परत वाचला. आजारी माणसाला आधी जागा द्यावी.

मला आनंद झाला नाही. लोकांना वाटेल झाला असेल. कागद नव्हता. इतकी वर्षं ज्याला भीत होते तो कागद नव्हताच. आई हात जोडून ज्याची माफी मागत होती ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. ती आजारी होती आणि कायदा तिच्या बाजूनं होता, आणि कायद्याचं नाव घेऊनच तिला उन्हात काढलं होतं.

त्या दिवशी मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. कुणाला सांगणार. दुसऱ्या दिवसापासून मी चाचाकडून एकेक कायदा पाठ करायला लागले. तो पाणी मारता मारता म्हणायचा, मी गाठ मारता मारता म्हणायचे. आठ दिवसांत नऊच्या नऊ पाठ झाले, त्याच्या भाषेत आणि माझ्याही. आणि वर बसल्या बसल्या मी बघायला लागले. एक सावकार छपरीत बसून मेढीच्या बुडाशी पानाची पिंक टाकत होता. तिसरा कायदा. एका पाटलाची घोडी छपरीच्या वाशाला बांधलेली. चौथा. दोन कारकून जोडे घालूनच लोळत होते, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि बाहेर एक म्हातारी उन्हात हातावर हनुवटी टेकून बसली होती. पहिला, सहावा आणि आठवा. दरोगा त्यांच्यासमोरून जायचा. सलाम करायचा.

बाजाराच्या दिवशी मी न्हाले. धुतलेलं लुगडं नेसले. आईनं विचारलं, कुठं निघालीस. मी म्हणाले, बागेत. तिला वाटलं कामाला.

कचेरीच्या घड्याळाचे बाराचे टोल पडत होते तेव्हा मी मधल्या छपरीत शिरले. पायताण मला नव्हतंच. पहिला कायदा आपोआप पाळला गेला. मी एका कोपऱ्यात, मेढीला टेकून, मांडी घालून बसले. लुगडं गोळा करून. जागा जास्त अडवायला नको म्हणून.

छपरीत तेव्हा पंधरावीस माणसं असतील. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकानं बघितलं. तो शेजाऱ्याच्या कानाला लागला. शेजारी उठला. मग त्याच्या पलीकडचा. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसते उठत गेले. धोतरं सावरत, गाठोडी उचलत. दिवा विझत जावा तशी छपरी रिकामी झाली. सगळे बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडं बघायला लागले.

आत मी एकटी.

एवढी सावली मी आयुष्यात कधी एकटीनं घेतली नव्हती. वाळ्याचा ओला वास येत होता. वर माझ्याच हातची गाठ दिसत होती. आणि मला वाटलं, कुणीतरी येऊन बसावं. आपलं, परकं, कुणीही. कुणीतरी नुसतं शेजारी बसावं.

बाहेर एक कुणब्याची बाई होती. कडेवर तान्हं लेकरू. लेकराचं डोकं उन्हानं लाल झालेलं. मी तिला हाक मारली.

"बाई, आत या. लेकुरवाळीला आधी जागा हाय. लांब बसा माज्यापासनं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग लेकराकडं. तिचा पाय उचलला होता, मी बघितला. पण तिच्या नवऱ्यानं तिचा दंड धरला. "चल तिकडं," म्हणाला. ती गेली. जाताना वळून बघत गेली.

मग दरोगा आला.

"कावून बसलीस गं इतं?"

"सावलीला बसले."

"माजलीस का? कायदा ठाव न्हाई?"

"ठाव हाय," मी म्हणाले. "तख्त्यावर हर खास-ओ-आम लिवलंय. मी खास न्हाई. आम तर हाय."

त्याला काय ऐकू आलं हे त्याला कळायला वेळ लागला. मग काठी आली. खांद्यावर. मी हलले नाही. दुसरी त्याच जागी बसली. कातडी फुटली. शब्द बरोबर येत होते.

"मी चूल पेटवली न्हाई. थुकले न्हाई. जनावर बांदलं न्हाई. भांडत न्हाई. कितवा कायदा मोडला ते सांगा. सांगितला की उटते."

"तुला कुणी वाचून दावलं हे?"

"कान हायेत मला."

पुन्हा काठी. पण काठीनं माणूस मारता येतो, उचलता येत नाही. उचलायला हात लावावा लागतो. आणि हात कुणाला लावता येईना. दरोग्याला नाही, शिपायाला नाही, बाहेरच्या शंभर माणसांतल्या एकालाही नाही. जन्मभर ज्या विटाळानं मला हाकललं त्याच विटाळानं मला त्या दिवशी तिथं धरून ठेवलं.

एवढ्यात छत्री घेऊन एक वकील आले. बागेची देखरेख करायला गावातल्या पाच बड्या लोकांची कमिटी होती, त्यातले ते एक. गोरे, शांत. त्यांनी दरोग्याला आवरलं. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, तख्ता वाचील. ते छपरीपासून लांब उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "मारू नका. हिच्या घरचं कुणी बाजारात असेल. त्याला बोलवा. आपण कशाला बाटायचं."

दादाला बोलावलं.

दादा बाजारात दोर विकायला बसला होता. दोर तसेच टाकून पळत आला. छपरीत मी, बाहेर सगळं गाव, आणि मध्ये तो. शिपाई म्हणाला, "ओढ तिला भाईर." दादानं माझ्याकडं बघितलं. तो आत आला, वाकला, माझं मनगट धरलं. दोर वळून वळून त्याचा तळहात घोड्याच्या खुरासारखा झालेला. माझ्या कानाजवळ तोंड आणून म्हणाला, "चल बाय. मला लेकरं हायेत."

मी उठले नाही. मी त्याला म्हणाले, "वड."

त्यानं ओढलं. मांडी घातलेली होती तशीच मी भुईवरून ओढली गेले. गुडघे सोलले. केस सुटले. बाहेर उन्हात आणून त्यानं मला सोडलं आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. रडत होता. मी रडत नव्हते. कचेरीचा एकाचा टोल अजून लांब होता, दोन घटकाही झाल्या नव्हत्या.

छपरीत गोमूत्र शिंपडलं. मग सगळे आत जाऊन बसले. बसल्या बसल्या कुणीतरी मेढीच्या बुडाशी थुंकलं.

मांगवाड्यात सकाळी पंच बसले. मी त्यांना दोष देत नाही. दोर, केरसुण्या, हलगी वाजवणं, सगळं गावावर. गाव रुसलं तर चुली बंद. त्यांनी सांगितलं, दरोग्यापुढं भुईवर डोकं ठेव, माफी माग, मिटव. मी म्हणाले, न्हाई. पंचांतला एक म्हातारा, जो मला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरायचा, त्यानं मान खाली घातली आणि परत माझ्याकडं बघितलं नाही.

आईजवळ गेले. मला वाटलं, ती तरी. मी तिच्यासाठी बसले होते. ती भिंतीला टेकून वाख सोलत होती, एका डोळ्यानं.

"मला उटीवलं, मी उटले," ती म्हणाली. "संपलं व्हतं. तुला कुणी सांगितलं व्हतं बसायला?"

"तू आजारी व्हतीस. कायदा तुज्या बाजूनं व्हता."

"कायदा भाकर देतो का?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ताट पुढं सरकवायची. बोलायची नाही. आम्ही दोघी एकाच भिंतीला टेकून दिवसभर वाख सोलायचो आणि एका शब्दानं बोलायचो नाही.

पंधरा दिवसांनी करीमचाचा मांगवाड्याच्या वाटेवर भेटला. मशक पाठीवर होती, पण बागेतून येत नव्हता. त्याला काढलं होतं. तख्ता कुणी वाचून दाखवला याची चौकशी झाली तेव्हा त्यानं आपण होऊन सांगितलं, मी वाचला. तख्ता वाचायलाच टांगतात ना. आता गल्लोगल्ली पाणी घालत होता.

"चाचा, माज्यापायी गेलं तुमचं काम."

"नक्को बोल वैसा," तो म्हणाला. लंगडा पाय सावरला. "तख्ते पे नया लिख्या है. दसवां."

"काय?"

तो माझ्याकडं बघेना. रस्त्याकडं बघत त्यानं सांगितलं. मांग, महार, चांभार वगैरा अछूत लोगां छपरी के अंदर नैं बैठना.

मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले. मला त्या दिवशी जे वाटलं ते मी आजपर्यंत कुणाला नीट सांगू शकले नाही. वाईट वाटलं, हे खरं. माझ्या एका बसण्यानं सगळ्यांवर लेखी मनाई आली होती. पण त्याच्या खाली दुसरंही काही होतं. त्यांना लिहावं लागलं. इतकी वर्षं तोंडी चाललं होतं, नजरेनं चाललं होतं, काठीच्या टोकानं चाललं होतं. त्याला धरायला कुठं जागाच नव्हती. आता त्यांनी रंग आणला, माणूस बसवला, शब्द जुळवले. खास-ओ-आमच्या खाली दहावी ओळ घातली. आता वरची ओळ खोटी की खालची, हे कुणालातरी सांगावंच लागणार होतं.

पुढच्या शिमग्याला दरोग्याचा माणूस आला. छपऱ्या बांधायच्यात. दादा म्हणाला, येतो. माणूस म्हणाला, तू नको, तुझी बहीण पाठव. आईला चढता येत नव्हतं. दादाची गाठ वाऱ्यात सुटत होती, हे गावाला ठाऊक होतं.

मी म्हणाले, "मी बांदनार न्हाई."

"कावून?"

"मला ज्याच्याखाली बसता येत न्हाई ते छप्पर मी बांदनार न्हाई."

तो गेला. पंच परत बसले. यावेळी लांबण लागली नाही. मला वाळीत टाकलं. माझ्याशी कुणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, मौतीला यायचं नाही. दादानं मला माझं गाठोडं बांधून दिलं. गाठ त्याच्या हातची होती, रस्त्यात दोनदा सुटली.

त्या साली बागेत छप्पर दादानंच शाकारलं. पहिल्या वावटळीत तिन्ही छपऱ्या उघड्या पडल्या आणि चैत्रापासून मृगापर्यंत सगळे उन्हात बसले. खास आणि आम. मला त्याचं सुख वाटलं नाही. ती लेकुरवाळी बाईसुद्धा उन्हातच बसली असेल.

मी चौसाळ्याच्या वाटेवर, वस्तीपासून लांब, एक खोपट घातलं. शिंदी ओढ्याला मिळते. केरसुण्या बांधते, बाजारात नेते. लक्ष्मी म्हणून घेतात. दिवसदिवस बोलायला कुणी नसतं. कधीकधी माझाच आवाज मला ओळखू येत नाही. मग मी मोठ्यानं ते नऊ कायदे म्हणते. दहावा म्हणत नाही.

बाजाराच्या दिवशी करीमचाचा भेटायचा. मी त्याला म्हणाले, मला लिहायला शिकवा. सरकारचं कामकाज उर्दूत. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा बसतो, दहावी ओळ पुसा असा अर्ज करायला त्याच्याकडं मी आधी गेले होते. मजकूर ऐकून त्यानं दौतीचं झाकण लावलं. म्हणून मग मीच. चाचा मातीत बोटानं अलिफ काढायचा, मी त्याच्या शेजारी काढायचे. बे. पे. ते. माझी बोटं दोराला सरावलेली, टाकाला नाही. दोन पावसाळे गेले नीट लिहायला. चाचा गेल्या थंडीत वारला. त्याच्या मौतीला मी लांबून उभी होते. त्याच्या लोकांनी मला हाकललं नाही, जवळही बोलावलं नाही.

या सगळ्याला आता सहा पावसाळे झाले. मी तीन अर्ज दिलेत. पहिला कारकुनानं रुळाच्या टोकानं ओढून घेतला आणि कुठल्यातरी गठ्ठ्यात सरकवला. दुसरा देताना त्यानं विचारलं, कुणी लिहून दिला. मी म्हणाले, मी. तो हसला. त्यानं बाकीच्यांना बोलावून अक्षर दाखवलं. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. उत्तर तिन्हींचं आलं नाही.

आई मागच्या महिन्यात गेली. मला सांगावा दोन दिवसांनी कळला, वाटेनं जाणाऱ्या एका धनगराकडून. दादा यायला भ्याला असेल. माझ्याशी ती शेवटपर्यंत बोलली नाही.

यंदाच्या शिमग्याला बागेतून परत माणूस आला होता, माझं खोपट हुडकत. नवा दरोगा आहे म्हणे, माणूस चांगला आहे. छपऱ्या बांधून दे, तुला बाहेर लिंबाखाली बसायला जागा करतो, पाणी देतो, कुणी काही बोलणार नाही.

मी विचारलं, "दहावी वळ हाय का पुसली?"

"न्हाई. ती कमिटीची हाय. तिला दरोगा काय करणार?"

"मग जा तुमी."

"बाय, एकटी किती दिस राहशील अशी?" तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. खरंच विचारत होता.

चौथा अर्ज लिहून झाला आहे. हा इथल्या कचेरीत देणार नाही. बीडला नेणार आहे, जिल्ह्याच्या साहेबाकडं. वाट दोन दिवसांची आहे, वाटेत कुणी घरात घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिथं पायरीखाली उभं करतील. उभी राहीन. त्यांनी घेतला नाही तर पायरीवर ठेवून मोठ्यानं वाचून दाखवीन, मला आता वाचता येतं. त्याचं उत्तर आलं नाही तर पाचवा लिहीन. ती ओळ पुसली जाईपर्यंत माझ्या हातचं छप्पर त्या बागेवर चढणार नाही आणि माझा अर्ज थांबणार नाही. मला दुसरं काम नाही.